जेऊरच्या माळावरील दोन मिनिटे

शके १८१९ च्या पौष अमावास्येस, शनिवारी, दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी, मध्यान्हीच्या सुमारास चंद्राची गडद छाया अरबी समुद्रावरून कोकणच्या किनाऱ्यावर चढली आणि सह्याद्री ओलांडून देशावरून ईशान्येच्या दिशेने निघून गेली. छायेचा पट्टा सुमारे पन्नास मैल रुंद होता. विजयदुर्ग, करमाळा तालुक्यातील जेऊर, वऱ्हाडातील तळणी, वर्ध्याजवळचे पुलगाव ही ठिकाणे त्या पट्ट्यात आली. पुणे जिल्ह्याचा आग्नेय कोपराही त्यात सापडला. इंदापूर पट्ट्याच्या मध्याजवळ होते. तेथून बारामतीवरून नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठाने पश्चिमेस पणदऱ्याकडे यावे, तसतशी छायेची वायव्य कड जवळ येत जाई. पुणे शहर मात्र पट्ट्याच्या पुष्कळ बाहेर राहिले. तेथे सूर्याची कोर शिल्लक उरली. आणि जेथे अल्पशी का होईना कोर उरते, तेथे खग्रास ग्रहणाचे खरे वैभव दृष्टीस पडत नाही.

म्हणूनच पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील अध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी आपली यंत्रे पुण्याहून हलवून जेऊरच्या माळावर मांडली. पणदऱ्याहून जेऊर सरळ रेषेत पन्नास मैलांच्या आतबाहेर असेल. भीमा ओलांडली की करमाळा तालुका लागतो. आज त्या दोहोंच्या मध्ये उजनी धरणाचे पाणी पसरलेले आहे, त्या काळी नदीचे साधे पात्र होते. जेऊर हे सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक. ग्रहण नसते तर परदेशातील कोणा विद्वानाने ते नाव ऐकलेही नसते. परंतु त्या महिन्यात कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल आपल्या पत्नीसह तेथे तळ ठोकून होते. त्यांच्याबरोबर चाळीस फूट लांबीचा एक प्रचंड कॅमेरा होता. टोकियोच्या वेधशाळेतून तेराओ यांच्या नेतृत्वाखाली जपानी मंडळीही तेथेच आली होती. अमेरिकन, जपानी आणि पुणेकर अशी ही त्रिस्थळी यात्रा एका कोरड्या माळावर जमली, आणि ती सारी केवळ दोन मिनिटांसाठी. जेऊरला खग्रास स्थिती जेमतेम तेवढाच वेळ टिकणार होती.

काळ अनुकूल नव्हता. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढल्या वर्षी पुण्यात पोहोचला होता. दुष्काळाचे वर्ष नुकतेच सरले होते. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळकांस राजद्रोहाची शिक्षा झाली. ग्रहणाच्या दिवशी ते तुरुंगात होते. मृगशीर्ष नक्षत्राच्या आधारे वेदांचा काळ ठरविणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या त्या ज्योतिर्विदास, आपल्याच प्रांतावरून गेलेले खग्रास ग्रहण पाहता आले नाही, याची नोंद करून ठेवावीशी वाटते. त्याच सुमारास पुण्यात शंकर बाळकृष्ण दीक्षित आयुष्याचे अखेरचे महिने कंठीत होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि २० एप्रिल १८९८ रोजी ते निवर्तले. ग्रहणाचा दिवस आणि घटका आगाऊ सांगण्याची विद्या या देशात जुनी होती. जेऊरला जे चालले होते, ते काम निराळे होते. तेथे ग्रहणाची वेळ कोणासच विचारायची नव्हती. सूर्य कशाचा बनलेला आहे, हे विचारायचे होते.

असा प्रश्न विचारण्याचे यंत्र म्हणजे वर्णपटदर्शक. नाव भारदस्त असले तरी त्याची रचना समजण्यास अवघड नाही. झुंबराला लोंबणाऱ्या तिधारी काचेस आपण लोलक म्हणतो. सकाळचे ऊन त्यावर पडले की भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो, हे ज्यांच्या घरी झुंबर आहे त्यांनी पाहिलेलेच असते. न्यूटनने १६६६ च्या सुमारास अंधाऱ्या खोलीत हाच प्रयोग व्यवस्थित केला आणि पांढऱ्या प्रकाशात हे रंग मुळातच असतात, काच ते निर्माण करीत नाही, हे दाखवून दिले. परंतु त्याने प्रकाश आत घेतला तो मुख्यतः वाटोळ्या भोकातून, त्यामुळे एक रंग दुसऱ्यावर चढून बारीक तपशील पुसला जाई. वाटोळ्या भोकाऐवजी अरुंद उभी फट ठेवावी, फटीतून आलेले किरण एका भिंगाने समांतर करावे, मग ते लोलकातून पार करावे आणि बाहेर पडलेला रंगपट लहान दुर्बिणीने पाहावा. एवढे केले की झुंबराच्या लोलकाचे शास्त्रीय यंत्र होते. या यंत्राचा प्राण लोलकापेक्षा फटीत आहे असे म्हटले तरी चालेल. फट जितकी निरुंद, तितका रंगपट स्वच्छ. मात्र फट निरुंद केली की प्रकाश कमी पडतो. दुर्बीण मोठी का हवी, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

अशा यंत्रातून सूर्य पाहिला की रंगांच्या पट्ट्यात उभ्या काळ्या रेषा दिसतात. वोलास्टन या इंग्रज गृहस्थाने १८०२ साली त्यांतील काही पाहिल्या. बव्हेरियातील योसेफ फ्राउनहोफर या भिंगे घासणाऱ्या कारागिराने १८१४ च्या पुढे त्या शेकड्यांनी मोजल्या आणि ठळक रेषांस अक्षरे दिली. तो अनाथ, काचकामाच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला. त्याला हव्या होत्या निर्दोष दुर्बिणी, आणि त्यासाठी काचेची परीक्षा करावयास या रेषा खुणेच्या दगडांसारख्या उपयोगी पडल्या. त्यांचा अर्थ त्याला लागला नाही. तो १८५९ साली हायडेलबर्ग येथे किर्खहोफ आणि बुन्सेन यांना लागला. चुलीत मिठाचा खडा पडला की ज्योत क्षणभर पिवळी होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तो पिवळा रंग मिठातील सोडियमचा. वर्णपटदर्शकातून पाहिले तर तेथे जवळजवळ दोन पिवळ्या रेषा दिसतात. आणि सूर्याच्या वर्णपटात बरोबर त्याच जागी दोन काळ्या रेषा असतात. तप्त वायू जो रंग स्वतः फेकतो, तोच रंग मागून येणाऱ्या प्रखर प्रकाशातून तो शोषूनही घेतो. तेव्हा सूर्याभोवतीच्या वायूत सोडियम आहे, लोखंड आहे, हे नऊ कोटी तीस लक्ष मैलांवरून सांगता येऊ लागले. तराजू नाही, मूस नाही, केवळ प्रकाशाची चिरफाड.

या नव्या यंत्राची पहिली मोठी परीक्षा हिंदुस्थानात झाली आणि तिचा एक पाय आपल्याच मुलखात होता. १८ ऑगस्ट १८६८, श्रावणातील पिठोरी अमावास्या. त्या दिवशीची छाया कोकणातून विजापूर, गुंटूर, मच्छलीपट्टण अशी पूर्वेकडे गेली, आणि काही ठिकाणी खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक टिकली. ग्रहणात सूर्याच्या कडेबाहेर ज्या तांबड्या ज्वाळा दिसतात, त्या घन आहेत की वायुरूप, याचा निकाल लावायचा होता. फ्रान्सचे पिएर जान्सेन गुंटूरला होते. मेजर टेनंटही तेथेच होते. मद्रासचे पॉग्सन मच्छलीपट्टणास गेले होते. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे सुप्रसिद्ध ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे चिरंजीव, वर्णपटदर्शक लावून बसले होते. श्रावणातले आभाळ, ढगांनी त्यांना पुरे सतावले. तथापि ढगांच्या फटीतून जे सापडले ते निर्णायक होते. ज्वाळेवर यंत्र रोखताच सलग रंगपट नाहीसा होऊन त्याच्या जागी तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाळा वायूच्या आहेत हे त्याने ठरले. यांतील नारिंगी रेषा सोडियमची असावी असे पुष्कळांस त्या क्षणी वाटले.

ती सोडियमची नव्हती. येथेच एका लोकप्रिय समजुतीचा विचार करणे भाग आहे. विजयदुर्गाच्या किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे बांधीव ओटे आहेत. नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ साली तेथून ग्रहण पाहिले आणि हेलियम वायूचा शोध विजयदुर्गावर लागला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. १८ ऑगस्ट हा दिवस हेलियम दिन म्हणून तेथे साजराही होतो. उत्साह वाखाणण्याजोगा आहे. इतिहास मात्र तसा नाही. १८६८ च्या ऑगस्टात लॉकयर इंग्लंडमध्ये होते. युद्धखात्यात कारकुनी करून फावल्या वेळात आकाश पाहणारे ते बत्तीस वर्षांचे गृहस्थ होते. ग्रहणाची वाट न पाहता रोजच्या सूर्याच्या कडेवर वर्णपटदर्शक रोखून ज्वाळा पाहता येतील, ही कल्पना त्यांना आधीच सुचली होती. पण मागविलेले यंत्र कारागिराकडून वेळेवर मिळेना. ते हाती पडले १६ ऑक्टोबर १८६८ रोजी, आणि चारच दिवसांनी, २० तारखेस, लंडनच्या आकाशात त्यांनी ज्वाळांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. इकडे गुंटूरला जान्सेन यांनी ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी तीच युक्ती साधली होती. दोघांची वृत्ते फ्रेंच अकॅडमीपुढे एकाच दिवशी आली, आणि पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखवट्यांचे एकच पदक पाडले. पिवळी-नारिंगी रेषा सोडियमच्या जोडरेषांहून किंचित बाजूला पडते, ती पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कोणत्याही द्रव्याशी जुळत नाही, हे लॉकयर यांनी रोजच्या सूर्यावरून ठरविले. सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव निघाले. पृथ्वीवरील एका खनिजातून हा वायू रॅम्झे यांनी १८९५ साली काढून दाखविला, तोपर्यंत सत्तावीस वर्षे त्याच्या अस्तित्वाची साक्ष देणारी ती रेषाच काय ती होती.

मग विजयदुर्गाचे कट्टे खोटे काय? मुळीच नाहीत. लॉकयर विजयदुर्गास आले होते. मात्र तीस वर्षांनंतर, १८९८ च्या ग्रहणास. तेव्हा ते सर नॉर्मन झाले होते, वय एकसष्ट होते, आणि त्यांच्या मदतीस ‘मेल्पोमिनी’ या आरमारी जहाजावरील खलाशी व अधिकारी होते. त्या मंडळींना कवायतीसारखी तालीम देऊन किल्ल्यात वेध घेण्यात आले. १८६८ ची आणि १८९८ ची अशा दोन्ही छाया विजयदुर्गावरून गेल्या. त्यामुळे लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणांचे एक झाले आणि प्रसिद्ध शोध प्रसिद्ध पुरुषास ठिकाणासह जोडला गेला. चूक समजण्यासारखी आहे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला, की १८९८ च्या त्याच दुपारी, त्याच छायेत, विजयदुर्गापासून दीड-दोनशे मैलांवर पुण्याचा एक अध्यापक स्वतःच्या यंत्रांनी जे काम करीत होता, ते कोणाच्या स्मरणात राहिले नाही.

नायगामवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवीत. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजला भेट दिली, आणि वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. सरकारने तितकीच भर घातली. यंत्रे पाहण्यासाठी नायगामवाला १८८४ मध्ये विलायतेस गेले. कॉलेजातील मुलांना दाखविण्यापुरती प्रयोगशाळा करण्यापेक्षा त्याच पैशात ताऱ्यांच्या वर्णपटाची वेधशाळा का उभारू नये, असा सल्ला त्यांना तेथे मिळाला. सल्ला देणाऱ्यांत लॉकयर होते. पुढे नायगामवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे जे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले तेथे बदलून आले, त्यामुळे वेधशाळाही मुंबईऐवजी पुण्यास झाली. १८८८ च्या सुमारास ती उभी राहिली. ‘महाराज तख्तसिंहजी वेधशाळा’ हे तिचे नाव. डब्लिनच्या ग्रब या कारखान्याची, वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण तेथे होती. हिंदुस्थानात तिच्याएवढी मोठी दुर्बीण पुढे कित्येक वर्षे दुसरी नव्हती. काठेवाडच्या राजाचा पैसा, आयर्लंडच्या कारागिराचे हात आणि पारशी अध्यापकाची बुद्धी, असा तो पुण्यातील संगम.

या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून नायगामवाला यांनी जे पहिले महत्त्वाचे काम केले, त्यात त्यांच्या स्वभावाचा कणखरपणा दिसतो. मृगातील मोठ्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आहे. लॉकयर यांचे मत असे, की तेजोमेघ हे उल्कांचे थवे असून ती रेषा तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची शिल्लक कड आहे. पट्ट्याची कड असेल तर ती एका बाजूस तीक्ष्ण आणि दुसऱ्या बाजूस धूसर दिसावी. लॉकयर हे तर नायगामवालांचे मार्गदर्शक; त्यांच्याच सल्ल्याने वेधशाळा झालेली. तरीही पुण्याहून पाहून नायगामवाला यांनी १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीस कळविले, की रेषा सर्व परिस्थितीत दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि बारीक दिसते. मॅग्नेशियमचे अनुमान टिकत नाही. त्याच वेळी इंग्लंडमध्ये हगिन्स व अमेरिकेत कीलर हेही लॉकयर यांच्याविरुद्ध साक्ष देत होते, तेव्हा निकालाचे सारे श्रेय पुण्याला देणे योग्य होणार नाही. पण मार्गदर्शकाने दिलेल्या यंत्रातून मार्गदर्शकाची चूक दिसली, तर ती लपवायची नसते, हे त्यांनी कृतीने दाखविले. त्या हिरव्या रेषेचे मूळ १९२७ साली बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उलगडले. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा. पृथ्वीवरील कोणत्याही निर्वात नळीपेक्षा विरळ अशा अवकाशातच ती निघू शकते.

आता पुन्हा जेऊरकडे वळू. ग्रहणाच्या वेळी वर्णपट घेण्याची एक नामी युक्ती आहे, आणि तिच्यात फटच लागत नाही. चंद्राने सूर्य जवळजवळ झाकला की उरते ती केसासारखी बारीक, वाकडी कोर. ही कोर स्वतःच फटीचे काम करते. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे मोठा लोलक बसवावा आणि सरळ कोरीचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या जागी कोरीची एकेक कमान उमटते. ग्रहण लागण्याच्या ऐन क्षणी एक चमत्कार घडतो. एरवी सूर्याच्या रंगपटावर ज्या रेषा काळ्या असतात, त्या एकाएकी उजळून उठतात. शेकडो चकचकीत कमानी एकदम झळकतात आणि दोन-तीन सेकंदांत मावळतात. कारण स्पष्ट आहे. मागचा प्रखर सूर्य झाकला गेलेला असतो आणि त्याच्यावरील पातळ वायूचा थर तेवढा उघडा असतो. शोषून घेणारा तोच वायू आता स्वतःच्या तेजाने दिसतो. अमेरिकेचे यंग यांनी १८७० साली स्पेनमध्ये हा झळाळ डोळ्यांनी प्रथम पाहिला, आणि शॅकल्टन यांनी १८९६ मध्ये नोव्हाया झेम्लिया बेटावर त्याचे छायाचित्र घेतले. किर्खहोफच्या सिद्धान्ताची ही सूर्यावरूनच मिळालेली पावती होती. १८९८ च्या हिंदुस्थानातील तळांवर या झळाळाच्या मागे सारेच लागले होते.

दोन-तीन सेकंदांचा व्यवहार म्हणजे हातघाईचा प्रसंग. कोणती काच कोणी केव्हा सरकवायची, किती सेकंद उघडी ठेवायची, सेकंद मोठ्याने कोणी मोजायचे, हे सारे दिवसेंदिवस घोकून घेतलेले असावे लागते. एका माणसाचा हात चुकला तर पुढील ग्रहणापर्यंत, तेही जगाच्या कोणत्या कोपऱ्यात होईल तेथे, थांबावे लागते. कॅम्पबेल यांनी यावर सुंदर तोड काढली होती. त्यांनी वर्णपटाची काच स्थिर न ठेवता सरकती ठेवली. काळ्या रेषा उजळ कशा होतात, कोणती रेषा आधी, कोणती मागाहून, हा सारा बदल एकाच काचेवर ओळीने नोंदला गेला. नायगामवाला यांच्या तळावरही वर्णपटाचे काम हेच मुख्य होते. त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले. सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून पन्नास अंशांहून थोडा वर होता. पौषातील भर दुपारी अंधारून आले, काळ्या चंद्रबिंबाभोवती मोत्याच्या रंगाचे तेजोवलय पसरले, आणि ज्यांनी हजारो मैलांचा प्रवास केला त्यांना ते पाहण्याची फुरसत नव्हती. त्यांचे डोळे यंत्रावर होते. तेजोवलय डोळे भरून पाहिले असेल ते इंदापूर-करमाळ्याच्या शेतकऱ्यांनी; त्यांची त्या दिवशीची भाषा ग्रहण-मोक्षाची आणि दानाची होती, पण देखावा तोच होता.

या ग्रहणातून जे निष्पन्न झाले, त्यातील एकच गोष्ट येथे विस्ताराने सांगण्यासारखी आहे. तेजोवलयाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा असते. ती १८६९ पासून ठाऊक होती, आणि लोखंडाच्या एका रेषेशी ती जुळते असे तीस वर्षे मानले जात होते. प्रकाशाच्या लहरींची लांबी ज्या मापाने मोजतात, त्याचा एक एकक म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. त्या मापाने रेषेची जागा ५३१७ मानलेली होती. १८९८ च्या छायाचित्रांवरून ती ५३०३ च्या आसपास आली. चौदा एककांचा फरक म्हणजे सामान्य माणसाच्या दृष्टीने शून्य. वर्णपटाच्या शास्त्रात मात्र तो पत्ता चुकल्यासारखा. टपाल शेजारच्या घरी नव्हे, शेजारच्या गावी जात होते. म्हणजे लोखंडाची जी रेषा म्हणून समजत होते, ती ती नव्हतीच. मग ही कोणाची? पृथ्वीवर नसलेले एक द्रव्य असावे, अशी कल्पना करून त्याला ‘कोरोनियम’ हे नाव पूर्वीच दिलेले होते. हेलियमचा अनुभव ताजा होता; सूर्यावर आधी दिसलेले द्रव्य पृथ्वीवर मागाहून सापडते, असे एकदा घडले होते. तेव्हा कोरोनियमही सापडेल असे चांगल्या चांगल्यांस वाटणे स्वाभाविक होते.

नायगामवाला यांचा जेऊरचा अहवाल १९०२ साली मुंबईत छापून प्रसिद्ध झाला. या देशातील माणसाने स्वतः योजलेल्या आणि चालविलेल्या मोहिमेचा तो अहवाल आहे. त्या ग्रहणाचे इतर बहुतेक तळ परदेशी मंडळींचे होते. वऱ्हाडात तळणीस इंग्रज हौशी ज्योतिर्विदांचा जो तळ होता, त्यात जॉन एव्हर्शेड नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी झळाळाच्या वर्णपटाची उत्कृष्ट छायाचित्रे घेतली. पुढे १९०७ साली ते सरकारी नोकरीत दक्षिणेकडील कोडाईकनालच्या सौरवेधशाळेत आले, आणि १९०९ साली सूर्यावरील डागांतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे त्यांनी वर्णपटावरूनच सिद्ध केले.

सौरशास्त्राचे केंद्र कोडाईकनालला झाल्यावर पुण्याच्या वेधशाळेचे दिवस भरत आले. तिचा भार एकाच माणसाच्या खांद्यावर होता. तिच्यात शिष्य तयार झाले नाहीत, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिला पक्की जागा मिळाली नाही, आणि सरकारनेही दुसऱ्या माणसाची नेमणूक करण्याची तसदी घेतली नाही. १९१२ साली नायगामवाला निवृत्त होताच वेधशाळा बंद करण्यात आली आणि यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. देशातील सर्वांत मोठी दुर्बीणही त्यात होती. तेथे ती दीर्घकाळ वापराविना पडून राहिली; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा कामास लागली, तेव्हा तिला भावनगरची दुर्बीण म्हणत, पुण्याची कोणी म्हणत नसे. पैसा ज्याचा, नाव त्याचे, हा व्यवहार नवा नाही. पण तिच्यातून मृगाच्या तेजोमेघाची रेषा ज्याने पाहिली, त्याचेही नाव तिला कधीतरी चिकटावयास हरकत नव्हती.

कोरोनियम सापडला नाही. मूलद्रव्यांच्या कोष्टकातील घरे एकेक करून भरत गेली आणि त्यासाठी जागाच उरली नाही. जर्मनीतील ग्रोट्रियान यांनी १९३९ साली तेजोवलयाच्या दोन रेषा अतितप्त लोखंडाच्या असाव्यात असे दाखविले, आणि स्वीडनच्या एड्लेन यांनी दोन-तीन वर्षांत हिरव्या रेषेचाही उलगडा केला. ती लोखंडाचीच निघाली; मात्र तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. एवढे इलेक्ट्रॉन झडण्यास दहा-वीस लक्ष अंशांची उष्णता लागते. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आत असताना त्याच्या बाहेरील विरळ वलय इतके तप्त कसे, हे कोडे तेव्हापासून सुरू झाले आणि त्याचा पूर्ण निकाल अजून लागलेला नाही. जेऊरच्या काचा ज्या हिरव्या रेषेसाठी तळपत्या माळावर मांडल्या होत्या, तिचे खरे नाव कळले तेव्हा नायगामवाला हयात नव्हते. ते १९३८ सालीच वारले होते.